मोडलेला पाइप आणि त्याची जोडणी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी संतवाङ्मयावर, मराठ्यांच्या पूर्वेकडील स्वाऱ्यांवर आणि नाट्यसंगीतावर अधिकारी वक्ते बोलून गेले. त्यांच्या पंक्तीला बसण्याइतकी विद्वत्ता माझ्यापाशी नाही. मी केंद्र सरकारच्या सेवेतला एक अधिकारी, बी.ए.ची पदवी आणि तीसेक वर्षांची बदल्यांची नोकरी, एवढीच माझी शिदोरी. परंतु या बदल्यांच्या काळात मला एक नाद जडला, तो जुन्या, मोडक्या वस्तू जोडण्याचा. कार्यवाहांनी त्या नादावरच बोला असा आग्रह धरला, आणि आजच्या विषयासाठी मी त्यांतली एक वस्तू निवडली: तंबाखू ओढण्याचा जुना, मोडलेला पाइप.

विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, आणि ती रास्त आहे. तंबाखूची भलामण करण्यासाठी मी येथे उभा नाही. पाइपाच्या धुराने तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होतो, ही गोष्ट आज निर्विवाद आहे. पुढे मी जी हकीकत सांगणार आहे तिच्या मुळाशीही हेच दुःख आहे. पण वस्तू वाईट असली म्हणून तिच्यामागची कारागिरी वाईट ठरत नाही. तलवार रक्त सांडते. तरी तिच्या मुठीवरचे कोफ्तकाम आपण वस्तुसंग्रहालयात डोळे भरून पाहतोच.

प्रथम थोडा इतिहास सांगतो. तंबाखू ही अमेरिका खंडातली वनस्पती. ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली. उत्तरेच्या बादशाही दरबारात ती पोचली ती मात्र दख्खनमधून, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अकबराचा सरदार असद बेग हा शाहजादा दानियालच्या विवाहसंबंधाच्या कामगिरीवर विजापूरला गेला होता. तेथे त्याने तंबाखू पाहिली आणि १६०४ च्या सुमारास परत येताना ती तिच्या साऱ्या सरंजामासह बादशहापुढे ठेवली. त्या सरंजामात तीन हात लांबीची, रत्नांनी आणि मिन्याने सजवलेली नळी होती आणि तिच्या तोंडाशी येमेनी अकीक बसवला होता, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. अकबराने एकदोन झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूला मनाई केली. मनाईचा परिणाम काय झाला, हे सरकारी माणसाने सांगावयास नको!

दख्खनमध्ये मग हुक्का आला, गुडगुडी आली, बिदरच्या कारागिरांनी काळ्या धातूवर चांदी ठोकून हुक्क्याची देखणी भांडी घडविली, आणि गरिबाच्या हाती कुंभाराची चिलीम राहिली. युरोपात नेमकी हीच विभागणी झाली. सामान्य माणसाचा पाइप पांढऱ्या मातीचा. साच्यात घालून, तारेने आरपार भोक पाडून तो भाजला जाई. तो इतका स्वस्त आणि इतका ठिसूळ असे की मोडला की फेकून द्यायचा. त्यामुळे सतराव्या-अठराव्या शतकांतल्या इंग्रजी वसाहतींच्या जागा उकरल्या की मातीच्या नळ्यांचे तुकडे ढिगांनी सापडतात.

या फेकून दिलेल्या तुकड्यांची पुढची कथा मोठी मनोरंजक आहे. १९५४ मध्ये जे. सी. हॅरिंग्टन या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने अशा नळ्यांच्या भोकांची मापे घेतली. त्याला आढळले की सतराव्या शतकाच्या आरंभी हे भोक इंचाच्या चौसष्टांश भागांत मोजले तर आठ-नऊ भागांचे होते, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते चारवर आले. नळ्या जसजशा लांब होत गेल्या तसतसे भोक बारीक होत गेले. म्हणजे ज्या तुकड्याकडे कुणी ढुंकून पाहिले नव्हते, त्याच्या पोकळीवरून वसाहतीचा काळ ठरविता येऊ लागला. मोडकी वस्तू हातात घेताना मी हे नेहमी आठवतो. तिची मोड हाही तिच्या चरित्राचा एक भाग असतो आणि तो वाचल्याशिवाय पुसू नये.

श्रीमंताचा पाइप मात्र फेकून देण्याचा नव्हता. तो ‘मेरशॉम’ नावाच्या खनिजाचा असे. हा जर्मन शब्द. अर्थ समुद्राचा फेस. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात जे समुद्रफेन मिळते ते वस्तुतः एका सागरी जीवाच्या, माकुळाच्या जातीच्या प्राण्याच्या पाठीतले कवच असते. तेही पांढरे, हलके आणि सच्छिद्र. गंमत अशी की शास्त्रज्ञांनी १८४७ मध्ये या खनिजाला ‘सेपिओलाइट’ हे जे नाव दिले तेही त्याच जीवाच्या नावावरून. जर्मनांनी फेस पाहिला, शास्त्रज्ञांनी कवच पाहिले आणि आपल्या वैद्यांनी कवचालाच फेस म्हटले. तिघांची नजर एकाच गुणावर पडली.

हे खनिज मॅग्नेशियमचे सिलिकेट असून तुर्कस्तानातील एस्किशेहिर या शहराच्या परिसरात जमिनीखाली त्याचे गोळे सापडतात. कोरडा तुकडा पाण्यावर तरंगतो. ओला केला की साबणासारखा मऊ होतो आणि सुरीने कोरता येतो. कोरून झाल्यावर तो वाळवून वितळलेल्या मधमाश्यांच्या मेणात बुडवतात. मग वर्षानुवर्षे वापरात धुराचा अंश आतून झिरपत जातो आणि पांढरा पाइप आधी लोण्यासारखा, मग मधासारखा, शेवटी गडद तपकिरी होतो. असा पिकलेला रंग ही मालकाच्या धीराची मिळकत समजली जाई. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्ना हे या कोरीव कामाचे मोठे केंद्र होते.

तिसरा प्रकार ‘ब्रायर’चा. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी जी गाठ धरते तिचे हे लाकूड. ते कठीण असते, धग सोसते आणि सहसा जळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधल्या सां-क्लोद या डोंगरी गावाने हा धंदा नावारूपाला आणला. आपल्या मनात पाइप म्हटला की शेरलॉक होम्स उभा राहतो. पण त्याच्या तोंडी चित्रांत दिसणारा तो मोठा वाकडा, भोपळ्याचा पाइप मूळ कथांत कोठेच नाही. कथांतला होम्स मातीचा, ब्रायरचा आणि चेरीच्या लाकडाचा पाइप ओढतो.

आता पाइप मोडतो कोठे? पाइपाची वाटी सहसा फुटत नाही. मोडते ती मान, म्हणजे वाटीतून निघालेली लाकडाची किंवा दगडाची नळी जेथे तोंडाच्या नळीला मिळते ती जागा. तोंडाच्या नळीला एक खुंटी असते आणि ती मानेच्या खोबणीत बसते. गरम पाइप पोकळ्या हाताने ओढून काढला की खुंटी तुटते. खोबण सुजलेली असताना खुंटी दाबली की मान तडकते. तोंडाची नळी जुन्या पाइपांत दोन पदार्थांची आढळते. एक एबोनाइट, म्हणजे भरपूर गंधक घालून कठीण केलेले रबर. शाईच्या जुन्या पेनांमुळे तो पदार्थ आपल्या परिचयाचा आहे. उजेडात राहिला की त्याचा काळा रंग उडून हिरवट-तपकिरी कळा येते. दुसरा पदार्थ तृणमणी, ज्याला उत्तरेत कहरुबा म्हणतात. लक्षावधी वर्षांपूर्वीच्या झाडांची ही गोठलेली राळ. लोकरीवर घासली की गवताची काडी ओढून घेते, म्हणून संस्कृतात तृणमणी. आणि फारसी कहरुबाचा अर्थही काडी पळविणारा असाच आहे.

तृणमण्याच्या नावावर सेल्युलॉइड आणि बेकेलाइटही पुष्कळ खपले. ओळखण्याचा सोपा उपाय असा की पाण्यात मावेल तितके मीठ विरघळवावे आणि सुटा तुकडा त्यात हलकेच सोडावा. तृणमणी वर तरंगतो. बेकेलाइट आणि सेल्युलॉइड बुडतात. तुकडा लगेच साध्या पाण्याने धुऊन पुसावा. तापलेली सुई टोचून वास घेण्याचीही एक रीत आहे, पण तिने कायमचा डाग पडतो. वस्तूला जखम करून तिची जात विचारणे बरे नव्हे.

एवढी ओळख झाल्यावर दुरुस्तीकडे वळतो. या कामात पहिला प्रश्न डिंकाचा नसतो, हत्यारांचाही नसतो. वस्तू कशासाठी जोडावयाची, हा पहिला प्रश्न. त्याची उत्तरे तीन असू शकतात, आणि प्रत्येक उत्तराची दुरुस्ती वेगळी.

पहिले उत्तर वापरासाठी. येथे मजबुतीला मान. ब्रायरच्या पाइपाची खुंटी तुटली असेल तर उरलेला बुंधा लेथवर अचूक मध्यावर कोरून काढतात, त्या जागी डेलरिन नावाच्या चिवट प्लॅस्टिकची खुंटी एपॉक्सीने बसवितात आणि तिच्यातून धुराचा मार्ग मोकळा ठेवतात. मध्य केसभर चुकला तरी नळी वाकडी बसते. मान तडकली असेल तर चीर जेथे संपते तेथे एक अगदी बारीक भोक पाडतात, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. मग चीर भरून वर चांदीचे कडे चढवितात. रणांगणावर मोडलेल्या पाइपाच्या मानेवर सैनिक रिकाम्या काडतुसाचे पितळी नळकांडे चढवीत, अशी एक आख्यायिका पाइपांच्या दुनियेत सांगतात. खरी असो वा नसो, युक्ती तीच आहे.

दुसरे उत्तर विक्रीसाठी. येथे दिसण्याला मान. जुना पाइप घासून, पुन्हा मेण पाजून, चीर रंगाने दडवून नवा करून दाखवितात. हा मार्ग मी घेत नाही. चीर दडविली की ग्राहकाला फसविल्यासारखे होते, आणि पॉलिशबरोबर पन्नास वर्षांचा पिकलेला रंगही निघून जातो. जुन्या इमारतींबाबत हाच वाद इंग्लंडमध्ये गेल्या शतकाच्या आधीच पेटला होता. १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने जी संस्था काढली तिचे म्हणणे असे की जुने ते सांभाळा, पाडून त्याचे नवे जुने करू नका. १९६४ च्या व्हेनिस सनदेने तर स्पष्ट सांगितले की बदललेला भाग एकूण वस्तूशी सुसंगत असावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा.

तिसरे उत्तर स्मृतीसाठी. येथे सत्याला आणि परतीच्या वाटेला मान. परतीची वाट म्हणजे आज केलेली जोड उद्या अधिक जाणत्या माणसाला, वस्तूला इजा न करता, उकलता आली पाहिजे. आपल्या देशात लखनौला १९७६ पासून सांस्कृतिक संपत्तीच्या जतनासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे; अशा प्रयोगशाळांतले जतनतज्ज्ञ याच तत्त्वाने काम करतात. त्यांच्या हाताशी पॅरालॉइड बी-७२ नावाची एक ॲक्रिलिक राळ असते. ती ॲसिटोनमध्ये विरघळते, पाण्यासारखी स्वच्छ राहते, सहसा पिवळी पडत नाही आणि पुन्हा ॲसिटोन लावले की सुटते.

या तीन उत्तरांतून निवड करण्याचा प्रसंग माझ्यावर चार वर्षांपूर्वी आला, तो याच शहरात, कोलकात्यात. आपल्या समाजातल्या एका वयोवृद्ध आजींच्या घरचा तो पाइप. त्यांचे यजमान येथे एका गिरणीत अभियंता होते. त्यांच्या गोऱ्या वरिष्ठाने १९६६ मध्ये मायदेशी परतताना स्वतःचा मेरशॉमचा पाइप त्यांना भेट दिला. यजमानांनी तो पुढे सत्तावीस वर्षे ओढला आणि १९९४ मध्ये घशाच्या कर्करोगाने ते गेले. पाइप चामडी पेटीत राहिला. अलीकडे घर बदलताना पेटी पडली. मान दोन ठिकाणी मोडली आणि तृणमण्याची नळी टोकाशी तुटली.

मुलाचे म्हणणे होते की ही पीडा एकदाची बाहेर टाकावी. नातवाला तो चकचकीत करून हवा होता. त्याला ओढण्याची हौस होती. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “भाऊ, या नळीनं माझा संसार अर्ध्यावर मोडला. पण माणूस घरात आला की आधी हिचा वास यायचा. टाकवत नाही आणि बघवतही नाही. तुम्ही जोडा, मात्र पुन्हा पेटणार नाही असा जोडा.”

मी पेटी घरी आणली. पहिला दिवस फक्त पाहण्यात गेला. छायाचित्रे घेतली, चुरा कागदात गोळा केला, प्रत्येक तुकड्याला आकडा दिला. मानेवरच्या जुन्या चांदीच्या पट्टीवर नांगराची आणि सिंहाची खूण होती. नांगर ही बर्मिंगहॅमच्या चांदी-परीक्षा कचेरीची निशाणी. शेजारच्या वर्षाक्षरावरून पाइप शंभरीच्या पुढे गेलेला ठरला. सरकारी माणूस म्हणून येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षे ही जुनेपणाची सर्वसाधारण मर्यादा आहे, आणि कायद्याने जी वस्तू पुरावस्तू ठरते ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मुलांच्या सामानात आजोबांच्या वस्तू घालण्याआधी हे ध्यानात असू द्यावे.

मेरशॉमला पाणी लावावयाचे नाही, कारण ते पाणी पिते आणि मऊ पडते. म्हणून कोरड्या मऊ ब्रशाने मोडीच्या कडा झाडल्या. कडा घासण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलाच पाहिजे. मोडलेल्या दोन कडा हा एकमेकांचा ठसा असतो आणि जगात त्या जागी नेमके बसणारे दुसरे काहीही नसते. एकदा घासल्या की तो ठसा गेला. मग डिंकाविना तुकडे लावून पाहिले, आणि कोणता आधी, कोणता नंतर हा क्रम ठरविला. क्रम चुकला तर शेवटच्या तुकड्याला शिरावयास जागा उरत नाही.

सच्छिद्र पदार्थ सारी राळ शोषून घेतो आणि सांधा उपाशी राहतो. म्हणून प्रथम कडांना राळेचा अगदी पातळ हात दिला, तो सुकू दिला, आणि मग दाट राळेने तुकडे जुळविले. वाळूने भरलेल्या ताटात पाइप असा टेकवून ठेवला की तुकड्याचे वजन सांध्यावर सरळ खाली पडेल. दोन दिवस त्याला हात लावला नाही.

येथेच आजींच्या अटीचे उत्तर मिळाले. ही राळ चाळीस अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागते. जळत्या तंबाखूच्या धगीपुढे ती टिकणार नाही. वापरासाठी जोडणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठा दोष. आजींच्या दृष्टीने तोच गुण. नातवाला मी शांतपणे समजावून सांगितले की हा पाइप ज्या दिवशी पेटेल त्या दिवशी तो हातातच सुटा होईल. परंतु आपल्याकडचा वैशाखही चाळिशीला टेकतो. सांध्यावर भार राहिला तर कपाटातल्या कपाटातही मान खाली वाकण्याचे भय. म्हणून भार घेण्यासाठी मानेवर चांदीची दुसरी पट्टी घालणे अवश्य होते.

मी तसे कळविले. तिसऱ्या दिवशी आजींनी एक पुरचुंडी पाठविली. आत चांदीच्या कुंकवाच्या करंड्याचे झाकण होते.

बहूबाजारच्या सोनारगल्ल्यांत आपल्या सांगली जिल्ह्यातले, विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाई कारागीर पिढ्यान्‌पिढ्या सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याचा धंदा करतात, हे आपणां सर्वांस माहीत आहे. भारतात क्वचितच असे मोठे शहर असेल जेथे त्यांची भट्टी नाही. त्यांतल्या एका अप्पांकडे मी ते झाकण घेऊन गेलो. त्यांनी ते तळहातावर तोलले आणि हसून म्हणाले, “साहेब, एवढी चांदी तर माझ्या मुशीच्या तळालाच चिकटून बसंल.” मग झाकण उलटून पाहिले. आतल्या बाजूच्या खाचेत लाल कण अजून होते. त्यांचे हसू मावळले. “हे तर करंड्याचं हाय. हे मुशीत टाकायचं म्हंता? घरच्या बाईंना इचारलंय का?” मी म्हणालो, त्यांनीच धाडले आहे. अप्पांनी तरीही दूरध्वनी लावावयास सांगितला. पलीकडून आजींचे एवढेच शब्द आले, “टाका हो. त्याच्याच कामी येऊ दे.” अप्पांनी भट्टीला हात जोडले आणि झाकण मुशीत सोडले. मजुरी घेतली नाही.

पत्रा घेऊन मी शेजारच्याच गल्लीतल्या एका बंगाली कारागिरापाशी गेलो. त्यांनी मानेचे माप तीन ठिकाणी घेतले, कारण हाताने कोरलेली मान कोठेही अगदी गोल नसते. अर्ध्या मिलिमीटर जाडीची, नऊ मिलिमीटर रुंदीची पट्टी वळवून तिचा सांधा डाख देऊन जोडला. ब्रायरवर पट्टी घट्ट ठोकून बसविता येते. मेरशॉम तेवढ्या दाबाने चुरा होईल. म्हणून मी मानेवर पातळ कागदाचा एक वेढा त्याच राळेने दिला आणि पट्टी त्यावर हलकेच सरकविली. जुन्या पट्टीवर वेलबुट्टी आहे. नवी साधी ठेवली. शेजारी शेजारी पाहिल्या की जुनी कोणती आणि नवी कोणती हे लहान मूलही सांगेल. पट्टीच्या आतल्या अंगाला दुरुस्तीचे वर्ष कोरले आहे. ते पट्टी काढणाऱ्यालाच दिसेल.

राहिली तृणमण्याची नळी. ती मी जोडली नाही. ॲसिटोन आणि मद्यार्क दोन्ही तृणमण्याचा पृष्ठभाग खातात. कायमची जोड देणारे पदार्थ आहेत, पण ते पुन्हा सोडविता येत नाहीत. जुन्या कारागिरांनी या पेट्या पाइपाच्या आकाराच्याच कोरलेल्या असतात. तेव्हा नळीचे दोन्ही तुकडे मखमलीच्या त्या खोबणीत कडेला कडा लावून ठेवले. पेटी उघडली की पाइप अखंड दिसतो. उचलू गेले की तो तुटलेला आहे हे कळते.

मी पेटी नेऊन दिली तेव्हा आजींनी ती उघडली, वाकून वास घेतला आणि पुन्हा मिटली. मग कागद-लेखणी मागविली. म्हणाल्या, “हा कुणाचा, कुणी दिला, कशानं मोडला, चांदी कुठली आणि भट्टी कुणाची, सगळं लिहा. आणि ते कशानं गेले तेही लिहा. मुलांना अर्धंच नको कळायला.” ती चिठ्ठी मी लिहिली. मुलाने, ज्याला पाइप टाकून द्यावयाचा होता त्याने, ती वाचली आणि पेटीत पाइपाखाली घडी करून ठेवली. पेटी आता त्यांच्या घरी उत्तरेकडच्या खोलीतल्या लाकडी कपाटात, उन्हापासून दूर असते.

मंडळी, एका पाइपासाठी मी आपला एवढा वेळ घेतला, याचे कारण सांगतो. आपण घरापासून दूर राहणारी माणसे. कोणी नोकरीसाठी आला, कोणी धंद्यासाठी, कोणाचे पणजोबा येथे आले. गावच्या माणसाला वाडा असतो, शेत असते, ग्रामदैवत असते. आठवण ठेवावयाला त्याला वस्तूंची तितकी गरज पडत नाही. आपल्याजवळ आहे ते दर बदलीला पेट्यांत भरलेले: पाटावरची पितळी फुले, आजीची समई, कोणाचे जाते, कोणाची सतार, कोणाचा चष्मा. गवतात आणि वर्तमानपत्रांत गुंडाळून ते आगगाडीने हजार हजार मैल फिरले, आणि फिरता फिरता मोडले. प्रत्येक घरात अशी एखादी वस्तू माळ्यावर पडून आहे, हे मी या शहरातली पुष्कळ घरे पाहून सांगतो.

अशा वस्तूविषयी माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, मोडलेल्याचे सारे तुकडे, अगदी चुरासुद्धा, एका कागदात जपून ठेवा आणि झटपट चिकटणाऱ्या डिंकाची नळी घरात असली तरी तिला हात लावू नका. दुसरी, जोडण्याआधी घरच्या वडील माणसाला विचारा की ही कशासाठी हवी आहे. वापरायला, दाखवायला, की ठेवायला. उत्तर तुम्हांला वाटते त्याहून निराळे येईल. तिसरी, वस्तूबरोबर तिची हकीकत लिहून ठेवा, बरी-वाईट दोन्ही. वस्तू जोडणारा पुढेही मिळेल. हकीकत सांगणारा मिळेलच असे नाही.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे याच संबंधात एक सूचना ठेवतो. या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण एक वही घालावी. ज्या कुटुंबाला वाटेल त्याने आपल्या घरातल्या एका जुन्या वस्तूची माहिती मराठीत तीत लिहावी: वस्तू कोणती, गाव कोणते, कोणी आणली, कशी मोडली. खर्च एका वहीचा आणि एका लेखणीचा. वस्तू ज्याच्या त्याच्या घरी राहतील, वही मंडळाच्या ग्रंथालयात राहील, आणि पंचाहत्तरीच्या समारंभाला जी पिढी येथे बसेल तिला ती वाचावयास मिळेल. माझ्याकडे जोडण्यासारखे काही आणावयाचे असेल त्यांनी रविवारी सकाळी अवश्य यावे. मजुरी पडणार नाही, चहा मात्र माझ्या घरचा घ्यावा लागेल.